ब्रॅकनबीच्या पडवीतला नारळ

बाबा,

तुम्हाला मराठीचा एक शब्द धड येत नव्हता, तरी हे मी मराठीतच लिहितेय. आपलं भांडण तापलं की मी मराठीवर घसरायचे, आणि तुम्ही चष्मा काढून म्हणायचात, "हां, आता तू खरं बोलते आहेस." आज जे सांगायचंय ते खरंच आहे, आणि त्यात थोडं भांडणही आहे. तेव्हा चष्मा काढा आणि ऐका.

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. आमच्याकडे तेराव्याला गोडाचं करतात, हे मी ग्रेगला सांगितलं. तुमचा लेक म्हणाला, "डॅडला कस्टर्ड आवडायचं." म्हणून उद्या कस्टर्ड आहे. माझ्या आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, करा गं, गोड म्हणजे गोड.

मागच्या अंगणातली तुमची खोली अजून तशीच आहे. जिंजरनट बिस्किटांच्या पुड्याला कपड्यांचा चिमटा लावलेला आहे. खुर्चीच्या पाठीवर तो भयाण हिरवा स्वेटर आहे, जो मी दोनदा टाकून दिला आणि तुम्ही दोनदा परत आणलात. भिंतीवर तुमचा तो भलामोठा चार्ट, ब्रॅकनबी घराण्याचा. आणि टेबलावर तुमच्या अक्षरातला कागद, त्यात तुम्ही गेल्यावर तुमच्या नावाच्या दगडावर काय कोरायचं ते लिहिलेलं. ‘आल्फ ब्रॅकनबी, ब्रॅकनबीचा, लिंकनशर.’ बस, एवढंच.

दगड कोरणाऱ्याला शुक्रवारपर्यंत मजकूर हवाय. ग्रेग म्हणाला, "त्यानं लिहिलंय तेच देऊ ना, मेधा. निम्मं म्हातारपण गेलं त्याचं त्यात." मी म्हटलं, थांब जरा. त्यानं तीनदा विचारलं, का थांबायचं? तीनदाही मी चहा टाकायला उठले.

कारण मी तुमच्याशी खोटं बोलले, बाबा. तेही हॉस्पिटलात, तुमचा हात हातात घेऊन. आणि चार दिवसांनी तुम्ही गेलात. 

पहिल्यापासून सांगते.

ग्रेगनं मला तुमच्याकडे पहिल्यांदा आणलं तेव्हा तुम्ही कोकराचा रोस्ट केला होतात आणि मी नुसते बटाटे खात होते. तुम्ही आडनाव विचारलंत. मी म्हटलं, निवेंडीकर. तुम्ही ते तीनदा म्हणून पाहिलंत आणि विचारलंत, याचा अर्थ काय? मी सांगितलं की कोकणात निवेंडी नावाचं गाव आहे, आम्ही तिथले, म्हणून निवेंडीकर. "मग तू तिथे राहिलीस?" नाही. "तुझे वडील?" नाही, आजोबासुद्धा पुण्यातच वाढले. "आणि तरी तुम्ही तिथले?" तर मी म्हटलं, अहो, म्हणजे काय, तिथे आमची देवी आहे! लग्न झालं की जायचं, मूल झालं की जायचं. नारळ ठेवायचा आणि सांगायचं, बाई गं, आम्ही आलो, आमच्यात हे एक नवीन माणूस आलंय, लक्ष असू दे.

तुम्ही काटा खाली ठेवलात. "इंग्लंडात लिंकनशरमध्ये ब्रॅकनबी नावाचं गाव आहे," तुम्ही हळूच म्हणालात. "नकाशात पाहिलंय. कधी गेलो नाही."

आता माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. तोंडात बटाटा असताना मी निकाल देऊन टाकला. "झालं तर मग! गाव ब्रॅकनबी, तुम्ही ब्रॅकनबी. तेच तुमचं मूळ गाव. तुमचा देव तिथे वाट बघत बसलाय." पुढे कुणीतरी तुम्हाला सांगितलं की नावातल्या त्या ‘बी’चा अर्थ जुन्या डेन लोकांच्या भाषेत गाव असाच होतो, तर तुम्ही मला कामावर फोन केलात. मी साइटवर, डोक्यावर हेल्मेट, समोर काँक्रीटची गाडी उभी, आणि तुम्ही ओरडताय, "मेधा! आम्ही पण ‘कर’ आहोत!"

तुम्हाला हाक काय मारायची हाही एक गोंधळच होता. "कॉल मी आल्फ," तुम्ही म्हणालात. सासऱ्याला नावानं हाक मारली असती तर आमच्या आईनं फोनमधून हात बाहेर काढून चापट दिली असती. म्हणून बाबा. पुढे माझ्या वाढदिवसाच्या कार्डावर तुम्ही स्वतःच ‘बाबा’ अशी सही करायला लागलात. ती सगळी कार्डं मी ठेवली आहेत, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मग आपले शनिवार सुरू झाले. सासूबाई, जॉइस आई, मी यायच्या कितीतरी आधी गेल्या होत्या, तुमचं घर भूकंपात चिरफाळलं होतं, आणि ईशा झाल्यावर तुम्ही आमच्या मागच्या खोलीत राहायला आलात. शनिवारी सकाळी दहाला चहा, जिंजरनट आणि पूर्वज. तुम्ही, तुमचे वडील, त्यांचे वडील आणि त्यांचे वडील थॉमस, जे जहाजानं इथे न्यूझीलंडला, लिटलटन बंदरात उतरले. जहाजाच्या यादीत लिहिलेलं, राहणार ब्रॅकनबी. त्याच्या वर काही नाही. थॉमसचा बाप कोण, आई कोण, चार्टवर नुसती कोरी जागा. तुम्ही ती जागा मुद्दाम मोठी ठेवली होतीत, चार-पाच पिढ्या बसतील एवढी. "हजार वर्षं असतील वर," तुम्ही म्हणायचात.

तुम्हाला ईमेल जमायचा नाही, म्हणून इंग्लंडशी पत्रव्यवहार माझ्याकडे. दर शनिवारी तुम्ही पहिला प्रश्न विचारायचात, "लिंकनशरहून काही आलं का?" चाळीस वर्षं ज्यानं लोकांना पत्रं वाटली, तो माणूस स्वतःच्या पत्राची वाट बघत होता.

आणि पोस्टमन तरी कसे तुम्ही! भूकंपानंतर रस्तेच्या रस्ते रिकामे झाले, घरांवर लाल पाट्या लागल्या, तेव्हा तुम्ही ड्यूटी संपल्यावर स्वतःच्या सायकलवर फिरून शोधायचात की अमक्या नंबरच्या बाई आता कुठल्या भावाकडे राहतात. ग्रेगनं सांगितलं मला. मी तुम्हाला विचारलं, कशाला एवढा उपद्व्याप? तुम्ही जिंजरनट चहात बुडवत म्हणालात, "पोचवलं नाही तर ती चोरीच ना." मला ते वाक्य हल्ली फार आठवतं.

मग तुम्ही इंग्लंडला गेलात. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, एकटे. ग्रेगला रजा नव्हती, माझा पूल अर्धा उभा होता. पण महिनाभर आधी आपली नारळाची तयारी चालली होती. रिकार्टनच्या त्या इंडियन दुकानात तुम्ही एकेक नारळ कानाशी धरून हलवायचात, आणि गल्ल्यावरचा मुलगा आधी मला बघायचा, मग तुम्हाला, मग म्हणायचा, "ऑल गुड, अंकल, टेक युअर टाइम." पाणी वाजलं पाहिजे. शेंडी असली पाहिजे. डोळे तीन. घरी आणून पायरीवर फोडायचा सराव. त्या महिन्यात आपण एवढी खोबऱ्याची वडी खाल्ली की ईशा तुम्हाला म्हणाली, "नो मोअर वडी, प्लीज, पॉप."

ब्रॅकनबीचं चर्च बंद होतं. किल्ली सांभाळणाऱ्या डोरोथीबाई शेजारच्या घरातून आल्या. तुम्ही त्यांना म्हणालात, मी न्यूझीलंडहून आलोय, हे माझं कुलदैवत आहे, मला नारळ ठेवायचाय. त्या बाईनं काय समजून घेतलं देव जाणे. म्हणाली, "आत नको बाबा, उंदीर होतात. बाहेर पडवीत ठेवा." चर्चच्या दारापुढे छपराची पडवी असते, दोन्ही बाजूंना दगडी बाक. तुम्ही डावीकडच्या बाकावर नारळ ठेवलात, टोपी काढलीत आणि मी पाठ करून घेतलेलं वाक्य म्हणालात, मराठीत. "आम्ही आलो." हे एवढंच मराठी तुम्हाला आयुष्यात आलं. मग पायरीवर फोडलात, आणि डोरोथीबाई केरसुणी-सुपली घेऊन आल्या, आणि दोघं बाकावर बसून खोबरं खाल्लंत.

स्मशानात मात्र एकाही दगडावर ब्रॅकनबी आडनाव नव्हतं. तुम्ही सगळे दगड पाहिलेत, गुडघे दुखेपर्यंत. फोनवर म्हणालात, "सगळे सोडून गेले असतील." आणि मी दीडशहाणी, मी म्हटलं, "असणारच!"

येताना तुम्ही माझ्यासाठी खोबऱ्याचा एक तुकडा टिश्यूत बांधून आणलात. विमानतळावरच्या फॉर्मवर प्रामाणिकपणे लिहिलंत, खाद्यपदार्थ आहे. दुसऱ्या कुणी खिशात सारला असता. तुम्ही कसले लपवताय? बाहेरचं खाणं देशात आणू देत नाहीत, तो गेला बिनमध्ये. तिथूनच तुम्ही फोन केलात, "मेधा, तुझा प्रसाद घेतला त्यांनी." मला हसू फुटलं. तुमचा आवाज कापत होता, ते मला नंतर कळलं. त्या हसण्याबद्दल सॉरी, बाबा.

आता भांडणाचं.

ईशाच्या शाळेत घराण्याचा तक्ता करून आणायला सांगितला. तिला काय, तयार माल घरात होता. ती तुमच्या चार्टसमोर पोटावर पडून रेघा उतरवत होती. थॉमसपासून तुमच्यापर्यंत सरळ काळ्या रेघा. तुमच्यापासून ग्रेगपर्यंत मात्र तुटक, ठिपक्या-ठिपक्यांची. तिनं विचारलं, "पॉप, व्हाय इज डॅड्ज लाइन डॉटी?"

तुम्ही शांतपणे सांगितलंत, "कारण डॅडला आम्ही दत्तक घेतला, राजा. चार्टचा नियम असतो तसा."

ग्रेग दारातच होता. पायात रबरी जँडल्स, हातात ईशाचे पोहायचे टॉग्स. "येह, नाह, बरोबरच आहे," तो म्हणाला. आणि मागे जाऊन लॉनमोअर सुरू केला. बाबा, लॉन त्यानं आदल्याच दिवशी कापलं होतं. अर्धा तास तो कापलेल्या गवतावरून मशीन फिरवत होता. तुम्ही खिडकीतून पाहिलंत का? मी पाहिलं.

मग मी तुमच्यावर जी तुटून पडले ती पडलेच. ज्याला तुम्ही अकरा दिवसांचा घरी आणलात, ज्याच्या प्रत्येक वाढदिवसाला तुम्ही तीच गोष्ट सांगता, की जॉइसच्या मांडीवर बाळ आणि तुम्ही गाडी एवढी हळू चालवत होतात की मागच्या गाड्या हॉर्न मारून मारून थकल्या, त्याला तुम्ही ठिपके देता? तुम्ही म्हणालात, "प्रेम दाखवायची सोय चार्टमध्ये नसते, मेधा. चार्ट रक्ताचा असतो." मी म्हटलं, "मग घाला चुलीत तो चार्ट! माझा नवरा काय पाहुणा आहे का या घरात?" हे मराठीत. तुम्ही या वेळी चष्मा काढला नाहीत.

सात आठवडे आपण बोललो नाही. मी चहाचा कप तुमच्या दाराशी ठेवायचे आणि दार वाजवून निघून यायचे. शनिवार आले नि गेले. मग एका सकाळी आमच्या पायरीवर तुमच्या वाफ्यातल्या सिल्व्हरबीटची जुडी, रबरबँड लावलेली, तुमच्या पत्रांच्या गठ्ठ्यांना असायचा तसा. मी तिची भाजी केली, तुम्हाला डबा दिला. झालं, बोलणं सुरू. माफी तुम्ही मागितली नाहीत, मीही नाही. रेघ होती तशीच राहिली. आपण दोघं मिळून ती न बघायला शिकलो.

ग्रेगला मी एकदा विचारलं, तुला वाईट वाटलं का रे? म्हणाला, "ही इज माय डॅड. स्वीट ॲज." म्हणजे, सगळं ठीक. तुमच्याच वळणाचा. त्याच्या तोंडून याहून जास्त काही निघायचं नाही हे मला माहीत होतं.

आणि मग तुमच्या छातीत पाणी झालं.

हॉस्पिटलातल्या दुसऱ्या दिवशी तुम्ही ऑक्सिजनची नळी बाजूला सारून म्हणालात, "ग्रेगच्या त्या रेघेबद्दल बोलायचंय. घरी गेलो की बोलू." मी नळी परत लावली आणि म्हटलं, आधी बरे व्हा. काय घाई होती मला नळीची! अजून दोन मिनिटं थांबले असते तर तुम्ही बोलला असतात. काय बोलणार होतात? चूक झाली म्हणणार होतात, की नियम नियमच असतो म्हणणार होतात? मी रोज दोन्ही वाक्यं तुमच्या आवाजात म्हणून बघते. दोन्ही शोभतात तुम्हाला.

दुसऱ्याच दिवशी दुपारी मी वॉर्डबाहेरच्या कॉफीच्या मशीनपाशी उभी होते आणि फोन वाजला. डोरोथीबाईंचा ईमेल. नारळवाल्या गृहस्थांना त्या विसरल्या नव्हत्या. त्यांच्या ओळखीच्या कुणी चर्चची जुनी बाप्तिस्म्याची वही तपासली, आणि थॉमस सापडला. वहीच्या पानाचा फोटो होता आणि खाली त्यांनी वाचता येईल असं लिहून दिलं होतं.

थॉमस हे एक तान्हं मूल होतं. एका सकाळी चर्चच्या पडवीत कुणीतरी ठेवून गेलेलं. आई-बाप माहीत नाहीत. कुणाचं म्हणून आडनाव लावायचं, तर गावाचंच लावलं. गावच्या सुताराची बायको, हॅना तिचं नाव, तिनं त्याला आपण होऊन मागून घेतलं आणि वाढवलं.

तिथे उभ्या उभ्या मला माझा मूर्खपणा कळला. अहो, निवेंडीत एक तरी निवेंडीकर आहे का? एकही नाही! तिथले सगळे वेगळ्या नावांचे. आम्ही गाव सोडून पुण्याला आलो तेव्हा पुण्याच्या लोकांनी आम्हाला निवेंडीकर म्हटलं. गावातल्या गावात कुणाला गावाचं नाव देत नाहीत. देतात ते ज्याला दुसरं नावच नाही त्याला. हे जगात कुणाला नाही तरी मला कळायला हवं होतं. थॉमस ब्रॅकनबीतच जन्मला आणि ब्रॅकनबीच म्हणवला गेला, यातच सगळं होतं. आणि मी तुम्हाला इतकी वर्षं दुसरे ब्रॅकनबी शोधायला लावलं, जे कधी नव्हतेच. त्या स्मशानात गुडघे टेकायला लावले.

पण बाबा, खरं सांगते, आणि हेच सांगायला हा सगळा कागद भरलाय. मला सगळ्यात आधी जे वाटलं ते हे नव्हतंच. पहिल्यांदा मला आनंद झाला. "सापडलात!" असं झालं मला. घ्या, म्हणे रक्ताचा चार्ट! तुमची पहिलीच रेघ ठिपक्यांची निघाली! कॉफीच्या मशीनपाशी उभी राहून मी एका मरणाऱ्या माणसाशी भांडण जिंकले होते. आणि मग मला स्वतःचीच लाज वाटली.

मी आत आले. तुम्ही डोळे उघडलेत. शनिवार नव्हता, तरी विचारलंत, "लिंकनशरहून काही आलं का?"

मी तुमचा हात धरला आणि म्हटलं, "नाही, बाबा. काही नाही."

तुम्ही म्हणालात, "येईल." आणि झोपलात.

त्या वेळी मी मनाशी म्हटलं, दया आली म्हणून लपवलं. हजार वर्षांची जागा ठेवून बसलेल्या म्हाताऱ्याला कसं सांगायचं की वर कुणी नाही, नुसती एक पडवी आहे? पण दया-बिया काही नव्हती. माझ्या तोंडून ते निघताना त्यात जिंकल्याचा वास आला असता, आणि तुम्हाला तो कळला असता, म्हणून गप्प बसले. स्वतःला वाचवलं मी. पुढचे तीन दिवस रोज ठरवलं की उद्या सांगू. उद्या तुम्हाला जरा बरं वाटलं की. तुम्हाला बरं वाटलंच नाही.

काल मी ग्रेगला सांगितलं. तुमच्याच खोलीत, चार्टसमोर. फोन त्याच्या हातात दिला. त्यानं दोनदा वाचलं, ओठ हलवत, तुम्ही वाचायचात तसं. मग म्हणाला, "पडवीत? कुठल्या पडवीत?"

"तिथेच. बाबांनी नारळ ठेवला तिथे."

तो तुमच्या खुर्चीत बसला, पाठीमागे तो हिरवा स्वेटर, आणि रडला. फ्युनरलला एक टिपूस काढलं नव्हतं त्यानं. सगळ्यांना सॅंडविचेस देत फिरत होता. काल मात्र तोंडावर दोन्ही हात घेऊन, खांदे हलवत, पोटातून. मी त्याच्या गुडघ्याशी जमिनीवर बसून राहिले.

मग तो म्हणाला, "हे त्याला कधी आलं?" मी सांगितलं. तुम्ही जायच्या चार दिवस आधी, आणि मी दिलं नाही.

 रागावला असता तर बरं झालं असतं. "मी दिलं असतं त्याला," तो म्हणाला. "मला त्याचं तोंड बघायचं होतं, मेधा. मला ते एकदा बघायला मिळायला हवं होतं."

 चोरी तुमच्याकडे झाली असं मी इतके दिवस समजत होते. ती त्याच्याकडेही झाली होती. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, ठिपक्यांच्या खाली जन्म काढलेला, एकदाच त्याला वर बोट दाखवून म्हणता आलं असतं, डॅड, हे बघ, हा माझ्यासारखाच. मी सॉरी म्हटलं. इंग्रजीत म्हटलं, मराठीत म्हटलं. तो "येह" म्हणाला आणि अंगणात गेला. या वेळी मोअर सुरू केला नाही. तुमच्या वाफ्यापाशी नुसता उभा होता.

परत आला तेव्हा त्यानं तुमच्या डब्यातली पेन्सिल घेतली, पट्टी घेतली. मला वाटलं, आता स्वतःची रेघ भरून टाकणार. मी असते तर तेच केलं असतं, पेन्सिल मोडेपर्यंत. त्यानं थॉमसच्या वर, तुमच्या त्या मोठ्या कोऱ्या जागेत, पट्टी लावून एक तुटक रेघ ओढली, ठिपका ठिपका मोजून, आणि वर लिहिलं, हॅना. अक्षर तुमच्यासारखंच, उजवीकडे कललेलं. तुमच्या हाताखाली गृहपाठ करून आलंय ते.

"तुझी?" मी विचारलं.

"राहू दे तशीच," तो म्हणाला. "नियम आहे."

ईशा आली, चार्टसमोर उभी राहिली, वर बघितलं, खाली बघितलं. "ओह, कूल. डॅड मॅचेस थॉमस." आणि जिंजरनट घेऊन गेली. चिमटा लावायला विसरली.

दगडावर तुमचेच शब्द जाणार. आज सकाळी ग्रेगनं मजकूर पाठवला. मला ते खोटं वाटत होतं म्हणून मी इतके दिवस अडवून ठेवलं होतं. ग्रेग म्हणाला, "त्या गावानं त्याच्या पणजोबाला ठेवून घेतलं आणि स्वतःचं नाव दिलं. मग तो तिथला नाही तर कुठला?" मी लगेच मान्य केलं. तुम्हाला माहीत आहे, असं फार क्वचित होतं.

पुढच्या वर्षी आम्ही तिघं ब्रॅकनबीला जाणार आहोत, तुमची चिमूटभर राख घेऊन. नारळ तिथेच घेऊ. गेल्या शनिवारी दहा वाजता घरात करमेना, म्हणून मी रिकार्टनला गेले होते. त्या गल्ल्यावरच्या मुलानं विचारलं, "अंकल कुठे आहेत?" मी म्हटलं, गेले. त्यानं नारळाचे पैसे घेतले नाहीत, कितीही सांगितलं तरी. काल संध्याकाळी ग्रेगनं तो कानाशी धरून हलवला, अगदी तुमच्यासारखे डोळे मिटून. डावीकडच्या बाकावर काय म्हणायचं ते त्याला शिकवायला लागलं नाही. तुमचा सराव त्यानं भिंतीपलीकडून महिनाभर ऐकला होता.

उद्या तेरावं. तुमच्या फोटोपुढे कस्टर्डची वाटी ठेवेन, आणि डोरोथीबाईंचं ते पान मोठ्यानं वाचायचं आहे. मी वाचणार होते, चूक माझी म्हणून. ग्रेग म्हणाला, नको, मी वाचतो.

तुम्ही विचारलं होतंत ना, लिंकनशरहून काही आलं का?

आलं होतं, बाबा. तुमच्या नावचं होतं. मी अडवून ठेवलं. उद्या तुमचा मुलगा घेऊन येतोय.